शनिवारवाड्याचे सात मजले

पुण्यात काय काय बघायचं ते मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं. त्यांनी स्वतः पुणं पाहिलेलं नव्हतं. भात कांडताना, गोवऱ्या थापताना, चुलीपुढे बसल्या बसल्या त्या बोटं मोजायच्या. मंडई आणि तिच्यावरचा मनोरा. तुळशीबागेतला राम. जोगेश्वरी. शनिवारवाडा. चौथ्या बोटाशी आल्या की ते बोट दुसऱ्या हाताने दाबून धरायच्या.

शनिवारवाड्याचं कारण वेगळं होतं. त्यांच्या माहेरचा कुणी पणजा-खापरपणजा त्या वाड्याच्या दारावर पहाऱ्याला होता, असं त्यांच्या घरात सांगत आले होते. खरं-खोटं कुणाला ठाऊक? आमच्या डोंगरात दर दोन घरांमागे एका घरात असा कुणीतरी पहारेकरी सांगतात. पण त्यांना तेवढंच हवं होतं. "एकदा त्या दारातनं आत जायचं आन् हात लावून यायचं," एवढंच त्या म्हणत.

हात लावून, म्हणजे त्यांच्या लेखी बघून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजेड-अंधार कळायचा, लाल लुगडं अगदी नाकाशी धरलं तर लाल आहे हे कळायचं. पुण्यात डोळा कापून बरा करतात हे त्यांनी ऐकलं होतं, पण कापतात हा शब्द ऐकूनच त्यांनी तो विषय सोडून दिला होता. त्या सगळं हाताने बघायच्या. नवं भांडं, नवं वासरू, कुणाच्या अंगावरचं लुगडं, बाळंतिणीचं मूल. मी नवरी होऊन उंबरा ओलांडला तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपलं आणि बायकांना सांगितलं, "नाक बरंय." गावात याचं कुणालाच काही वाटत नसे. आत्याबाई पुढे आल्या की बायका आपण होऊन पदर त्यांच्या हातात देत.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाईच. सासूला आमच्याकडे तसंच म्हणतात.

माझं सासर विंझरच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकलेलं गाव. माहेर भोरचं. भोरात मुलींची शाळा होती म्हणून मी चौथी शिकले, आणि सासरच्या गावात वाचता येणारी मी एकटीच बाई होते. त्याचा मला माज होता. साधा नव्हे, चांगलाच. भोर संस्थानाचं गाव, तिथे राजवाडा, कचेरी, रस्त्यावर दिवे. मी स्वतःला शहरातली समजत असे. आत्याबाईंनी माझ्या माजाचाही उपयोग करून घेतला. "माझं डोळं ग्येलं ते ग्येलं. तुझं कशाला फुकट घालवायचं? सांग, आभाळ कसंय?" दिवसातून दहा वेळा. आभाळ कसंय, बांधावर कोण उभंय, म्हशीनं किती खाल्लं. मी सांगायची. सांगायचा कंटाळाही यायचा.

माझ्या लग्नाला तीन-चार वर्षं झाली होती. भात झोडून झालं होतं, थंडी होती. माझे मालक आंबेमोहोराची पोती घेऊन बैलगाडीने पुण्याला भवानी पेठेत निघाले होते. दरवर्षी जायचे. त्या वर्षी आत्याबाई म्हणाल्या, "या खेपंला मी बी येनार. जरा तरी दिसतंय तवर जाऊन येऊ द्या." मालक माझ्याकडे बघून त्यांना म्हणाले, "हिला बरोबर घ्या. ही वाचती."

नसरापुरावरून मोठ्या रस्त्याला लागलो. शिवऱ्यात मुक्काम केला, बैलांना वैरण घातली आणि पहाटेच पुन्हा गाडी जुंपली. कात्रजच्या बोगद्यात शिरलो तेव्हा मला भीती वाटली. मी कधी डोंगराच्या पोटातून गेले नव्हते. मी मालकांना म्हटलं, "काहीच दिसंना की वो." पोत्यांवर बसलेल्या आत्याबाई हसल्या. "आता कळलं? माझ्यावानी दिसाय लागलं तुला." मालकही हसले. त्या दिवशी आमच्यात एवढंच काय ते हसणं झालं, म्हणून लक्षात राहिलं.

मालकांनी आम्हाला मंडईपाशी उतरवलं. "दिवस कलायच्या आत हितंच या. हितनं हलू नका म्हनत न्हाई, पन हितंच या." आणि गाडी घेऊन पेठेत गेले.

आत्याबाईंनी माझा पदर धरला. डोंगरातल्या पायवाटेवर चालतो तसं आम्ही चालायला लागलो, मी पुढे आणि त्या बरोबर माझ्या मागे. एवढा रुंद रस्ता होता, दोघी शेजारी चालू शकलो असतो. सुचलंच नाही. टांगेवाला ओरडला तेव्हा मी वळून पाहिलं आणि मला दिसलं की लोक आमच्याकडे बघताहेत. पुढे ही बाई, मागे तिच्या पदराला धरलेली म्हातारी. मला पहिल्यांदा तिथे लाज वाटली. भोरची म्हणून मी जे काही समजत होते ते मंडईच्या कोपऱ्यावरच संपलं.

मंडई त्यांना वासानेच कळली. "भोपळा, मेथी, सडकी केळी," असं म्हणत त्या नाक वर करून चालल्या होत्या. मनोऱ्याखाली उभं करून मी त्यांना सांगितलं की उंच आहे. "किती?" म्हटलं, आपल्या देवळाच्या कळसावर कळस ठेवत गेलं तर चार-पाच बसतील. हे मी खरंच नीट मोजून सांगितलं होतं. तोवर मी बरी होते.

तुळशीबागेत पितळेची दुकानं. त्यांनी हात घातलाच. लहान मुलींच्या खेळण्यातली भांडी होती, टिचभर चूल, टिचभर जातं. आत्याबाईंनी ते जातं बोटाने फिरवून बघितलं आणि इतक्या खूश झाल्या की मलाही बघायला लावलं. "अगं खुट्टा बी हाय याला!" दुकानदार म्हणाला, "ओ बाई, घ्यायचं असेल तर हात लावा." मी त्यांचा हात धरून ओढला. त्या म्हणाल्या, "वढती कशाला? मोडलं का काय म्या?"

मग राम. सभामंडपात गर्दी होती. मी त्यांना खांबाशी उभं केलं, दर्शन घेतलं, मूर्तीच्या अंगावर काय काय आहे ते सांगितलं. आमच्या पुढे एक बाई उभी होती, गोरी, हातात पूजेचं तबक. तिचं रेशमी लुगडं आत्याबाईंच्या हाताला लागलं असावं. त्यांनी ते चिमटीत धरलं, अंगठ्याने चोळून पाहिलं, आणि गावात म्हणाल्या असत्या तसंच म्हणाल्या, "लई मऊ हाय गं बाई. कुठलं घ्येतलंस?"

ती बाई किंचाळलीच. "अहो, सोवळ्यात आहे मी! शिवलीस ना! झालं, आता सगळं पुन्हा!" तबकातली फुलं खाली पडली. सगळे वळले. आत्याबाई हात तसाच पुढे धरून उभ्या राहिल्या, त्यांना कळेना काय झालं. कुणीतरी म्हणालं, "दिसत नाही वाटतं हिला." दुसरी एक म्हणाली, "मग पुणं बघायला कशाला आलीय?" आणि दोघी-तिघी हसल्या. एका म्हाताऱ्या गृहस्थाने मोठ्याने विचारलं, "या बाईंच्या बरोबर कोण आहे?"

मी चार हातांवर होते, दुसऱ्या खांबापाशी. मी बोलले नाही.

किती वेळ ते सांगता येत नाही. फार नसेल. पण त्यांनी दोनदा हाक मारली. "सूनबाई? कुठं गेलीस?" दुसऱ्या हाकेला मी पुढे झाले, त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं आणि चपला शोधायच्या निमित्ताने खाली बघत राहिले. बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर खेकसले, "आता कुटं बी हात लावायचा न्हाई. ह्ये आपलं गाव न्हाई."

"बरं," त्या म्हणाल्या. थोडं चालल्यावर म्हणाल्या, "पन मऊ होतं खरंच."

जोगेश्वरीला ओटी भरली. तिथे त्यांनी हात पदराखाली ठेवले होते. बाहेर येऊन त्यांनी तीन बोटं मिटली आणि म्हणाल्या, "चल. आता वाड्याला."

मला जायचं नव्हतं. तुळशीबागेतलं हसू कानात होतं. वाड्याच्या समोरच्या पटांगणात आलो तर दारापाशी शाळेच्या मुली उभ्या होत्या, एकसारख्या परकरातल्या, बरोबर त्यांच्या बाई. चांगले कपडे घातलेली माणसं आत जात होती, बाहेर येत होती. ते दार मी बघितलं. हत्ती जाईल एवढं, लोखंडी खिळ्यांनी भरलेलं. मला तेव्हाच दिसलं की आत्याबाई त्या खिळ्यांना एकेक करून हात लावणार, मग उंबऱ्याला, मग भिंतीला, आणि पणज्याची गोष्ट मोठ्याने सांगणार, आणि त्या मुली हसणार. मी पटांगणाच्या कडेला एका दगडावर त्यांना बसवलं.

"आत सोडत न्हाईत, आत्याबाई. शिपाई बसलाय."

त्यांनी दाराच्या दिशेला तोंड केलं. मग म्हणाल्या, "पणजा हुता म्हनून सांगितलं तर?"

"न्हाई सोडत. आदल्या बायांना बी परत लावलं."

"मग हितनं दिसतं का आतलं?"

"दिसतं की."

"सांग मग. सावकाश सांग, मला ध्येनात ठिवायचंय."

आता दारातून मला काय दिसत होतं? उजेडाचा एक तुकडा, बाकी काही नाही. चौथीच्या पुस्तकात एका राजाच्या वाड्याचं वर्णन होतं. ते मला पाठ होतं, शाळा तपासायला साहेब आले होते तेव्हा मी ते न अडखळता म्हणून दाखवलं होतं. तेच मी म्हटलं. सात मजले. प्रत्येक मजल्याला नक्षीच्या खिडक्या. खिडक्यांना लाल मखमली पडदे. आत हंड्या-झुंबरं, खाली गालिचे, भिंतींना माणसाएवढे आरसे. आत्याबाई ओठ हलवून माझ्यामागून म्हणत होत्या. "पडदं कसलं म्हनलीस?" मखमली. "हां, मखमली." दोनदा म्हणून घेतलं माझ्याकडून. मग फडक्यातली भाकरी सोडली आणि मला मोठा चतकोर दिला. "तुझ्यामुळं बघाय घावलं."

मी पाणी आणते म्हणून उठले. तांब्या घेऊन सरळ दाराकडे गेले. का गेले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बघायचं होतं, एवढंच. शिपाई होता तो दगडावर बसून विडी ओढत होता. त्याने मला अडवलं नाही. मी आत गेले.

आत वाडा नव्हताच. वाडा कधीच जळून गेला होता. गवत होतं, झाडं होती, आणि दगडी जोती होती. खोल्यांची जोती, चौकांची जोती, पायऱ्या वर चढून कुठेच न जाणाऱ्या. एक मोठं कारंजं, कमळासारखं, कोरडं. शाळेच्या मुली जोत्यांवरून उड्या मारत होत्या आणि त्यांच्या बाई त्यांना दटावत होत्या. लोक जोत्यांवर बसून शेंगा खात होते. कुणीही कुठेही हात लावत होतं.

परत येताना शिपायाने विचारलं, "ती उन्हात बसलीया ती म्हातारी तुमचीच का? आना की तिला आत. सावली हाय हितं."

मी मान हलवली. आणि पाणी घेऊन आत्याबाईंकडे गेले, आणि काही बोलले नाही. उठा, आत सोडतात म्हणे आता, एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. लाज पण वाचली असती. त्यांनी मला काही विचारलं नसतं. पण सात मजल्यांचं काय करायचं होतं? ते मीच बांधले होते. त्या पाणी प्याल्या, तोंड पुसलं, आणि वाड्याच्या दिशेला हात जोडले. दिशा थोडी चुकली होती. मी तीही सुधारली नाही.

मंडईपाशी मालकांनी विचारलं, "झालं का सगळं?" त्या म्हणाल्या, "झालं. वाडा बघितला. सात मजलं हायेत."

मालक मंडई आणि भवानी पेठेच्या पलीकडे कधी गेलेच नव्हते. "असत्याल," म्हणाले.

घरी आल्यावर शेजारच्या बायकांनी आमच्या पायांवर पाणी घातलं. देवाहून येणाऱ्याच्या पायावर घालतात तसं. मग बसून सांगायचं, हीही रीतच. आत्याबाईंनी सांगायला घेतलं. मला माहीत नव्हतं की त्यांना असं सांगता येतं. मंडईचे वास, टिचभर जातं, रामाचे दागिने, सोवळ्यातली बाई सुद्धा, तिची नक्कल करून: "शिवलीस ना!" बायका हसून लोळल्या. ज्या गोष्टीने मी मेल्यासारखी झाले होते ती त्यांनी हसण्यावारी नेली होती. आणि शेवटी वाडा. तिथे मात्र त्या हळू बोलायच्या, आणि बायका पुढे सरकून बसायच्या. मखमली पडद्यांपाशी आल्या की हात पुढे करून दोन बोटं चोळायच्या, जणू पडदा चिमटीत आहे.

पुढे थंडीभर हेच. कांडायला बसल्या की कुणीतरी म्हणायचं, "आत्ती, पुणं सांगा." मी मुसळ घालत असायची. मान वर करायची नाही.

चैतात आमच्या देवाची जत्रा. पुण्यात हमाली करणारे गडी तेव्हा घरी येतात. त्यातला एक आमच्याच आळीतला, भवानी पेठेत पोती उचलायचा, जिभेने तिखट. आमच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या, आत्याबाई सांगत होत्या, आणि तो भिंतीला टेकून ऐकत होता. सात मजले आले आणि तो फसकन हसला.

"मावशे, कुटला वाडा बघितलास? शनवारवाड्यात कुत्री निजत्यात. जळून चुलीत गेलाय त्यो कवाच. नुसती जोती ऱ्हायलीत."

"तू आत गेलतास का?" आत्याबाई म्हणाल्या.

"दुपारचा झोपाय जातो की तिथं!"

बायका हसल्या. आत्याबाईंचा चेहरा काही पडला नाही. उलट त्यांनी मान ताठ केली. "माझी सून चार यत्ता शिकलीया. तिनं सोताच्या डोळ्यांनी बघून सांगितलंय. तुझं ऐकू का तिचं? ए सूनबाई, ये हिकडं. सांग यास्नी."

मी दारात उभी होते, हातात जत्रेच्या पुरणाचं ताट. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मालकही बघत होते. मी म्हणाले, "म्या असं कुठं सांगितलं? आत्याबाईंना दिसत न्हाई. गर्दीत कुनाचं तरी ऐकलं असंल त्यांनी."

मी हे अगदी सहज म्हणाले. आवाजसुद्धा हलला नाही. हेच मला अजून पचत नाही.

तो गडी मांडीवर थाप मारून म्हणाला, "मावशी सपनात ग्येलती पुन्याला!" ओटा हसला. आत्याबाई माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड करून बसल्या होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, खोटारडे, दोनदा म्हनून घेतलं की तुझ्याकडून. त्या म्हणाल्या, "आसंल बया. डोळं ग्येलं, आता कान बी चालले."

त्यानंतर त्यांनी पुणं कुणाला सांगितलं नाही. गावाने मात्र त्यांना सातमजली हे नाव पाडलं. "सातमजली आत्ती, हाय का घरात?" त्या ओ द्यायच्या. माझ्यावर कधी रागावल्या नाहीत, मालकांजवळ कधी तक्रार केली नाही. फक्त मला विचारणं बंद केलं. सकाळी ओट्यावर यायच्या, हात बाहेर काढून वारा बघायच्या, आणि आभाळ कसंय ते स्वतःच ठरवायच्या. कधी चुकायच्या, वाळवण भिजायचं. तरी विचारलं नाही. मी आपण होऊन सांगू लागले, "आत्याबाई, ढग आलेत," तर म्हणायच्या, "आसत्याल," आणि पुन्हा हात बाहेर काढायच्या.

तीन वर्षांनी त्या तापाने गेल्या. तीन वर्षांत मला सांगायला हजार दिवस मिळाले. एकही दिवस मी सांगितलं नाही. आज म्हातारी झाले म्हणून काही मी फार चांगली झाले असं नाही. ज्यांच्यापुढे मान खाली गेली असती ती सगळी माणसं मेली, म्हणून लिहिते आहे.

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतर माझी मुलगी पुण्यात दिली. तिच्याकडे गेले तेव्हा ती म्हणाली, "आई, काय बघायचंय?" मी म्हटलं, शनिवारवाडा. तिला नवल वाटलं, "तिथं काय हाय बघन्यासारखं?" गेलो. तोच दगड पटांगणाच्या कडेला होता की दुसरा, कळलं नाही. दारापाशी मी थांबले आणि खिळे मोजायला लागले, पण मुलगी कंटाळली.

आत जोती आहेत. कुठे गुडघ्याएवढी, कुठे कमरेएवढी, उन्हाने तापलेली. भिंत कुठे होती, दार कुठे होतं, पायरी कुठे होती, सगळं हाताला लागतं. वर बघण्यासारखं तिथे काहीच नाही. ज्याला डोळे आहेत तो आत येतो, इकडे तिकडे बघतो आणि म्हणतो, यात काय आहे? माझी मुलगी तेच म्हणाली. आत्याबाईंना संध्याकाळपर्यंत तिथून उठवता आलं नसतं. एकेक जोतं चाचपत त्या फिरल्या असत्या आणि पणजा कुठे उभा राहत होता ते त्यांनी मला दाखवलं असतं. त्या दिवशी शिपाईसुद्धा त्यांना आत सावलीत आणा म्हणत होता.

मुलगी म्हणाली, "बसतीस का जरा?" मी जोत्यावर बसले. दगड गरम होता. कारंजं कोरडं होतं. गवत वाळलं होतं. दोन कुत्री झोपली होती.